मयत मान्य नाही

नाना, तू गेलास हे सांगायला लीगच्या कमिटीतल्या मोहनरावाचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो. पलीकडं तो हुंदके देत होता आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं, "मॅचच्या आदीच गेला व्हय बेणं!" बायकोनं माझ्या हातातली दुधाची बादली काढून घेतली. "आवं, माणूस मेलंय. जीभ आवरा की जरा," म्हणाली. मी आवरली नाही. दिवसभर तुला शिव्या घालतच हिंडलो, आणि संध्याकाळी भरलं ताट सारून उठलो.

तुझ्या शोकसभेला आलो होतो. शेवटच्या खुर्चीवर बसलो. एकानं तुला फुटबॉलचा वटवृक्ष केला, दुसऱ्यानं आधारस्तंभ. ज्यांना तू मीटिंगमधनं हात धरून बाहेर काढलं होतंस ते सगळ्यात जास्त वेळ बोलले. तुझा फोटो हार घालून ठेवला होता आणि त्यातसुद्धा तुझ्या कपाळाला आठी होती, तेवढं मात्र बरं वाटलं. कुणीतरी म्हणालं, रहिमतपूरच्या आबा मास्तरांनी दोन शब्द बोलावेत. मी मान हलवली. दोन शब्दांत मावणारं नव्हतं आणि त्यातले निम्मे तुझ्या बायकापोरांसमोर बोलण्यासारखे नव्हते. म्हणून इथं लिहितोय. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी तू बोलू दिलंस कुठं?

आधी चांगलं सांगून टाकतो, म्हणजे ते एकदाचं मागं पडेल. मी शाळेत पीटीचा मास्तर. पहिल्यांदा पोरं घेऊन माधवनगरला आलो तेव्हा मिलचा भोंगा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मैदान तेवढं शिल्लक होतं. एका कडेला बाभळी, दुसऱ्या कडेला मिलची पडकी भिंत, आणि मधे तू, लुंगी वर खोचून चुन्याच्या रेघा मारत. मिलमध्ये माग चालवणाऱ्याचा पोरगा. तुझे वडील मिलमधल्या टीमला बॅक खेळायचे म्हणून तुझ्या टीमला अजून मिलची टीमच म्हणतात. मी विचारलं, "पंच कोण हाय?" तू म्हणालास, "मीच." मी म्हणालो, "तुमचीच टीम आन् तुमीच पंच?" तू रेघ मारता मारता वर न बघता बोललास, "माझ्या टीमला लय त्रास हुतो त्येचा." ते खरंच निघालं. त्या मॅचमध्ये तू तुझ्याच दोन पोरांना बाहेर काढलंस आणि आम्ही जिंकलो. जाताना तुझ्या घरी जेवलो. वहिनींनी भाकरी-पिठलं वाढलं आणि तू जेवताना मला ऑफसाइडवरनं शिकवत होतास. मी चिडलो नाही. त्या दिवशी मला मित्र मिळाला.

लीग तुझीच कल्पना. कुस्तीच्या मुलखात फुटबॉलची लीग! तालमीतली पोरं आपल्याला हसायची. चड्डी घालून बॉलमागं पळायचं ह्यात कसली मर्दुमकी, म्हणायची. आणि तिकडं खाली कोल्हापूर. तिथं पेठापेठांतनं फुटबॉल, हजारोंनी माणसं, तिकीट काढून. मी म्हणालो होतो, "नाना, त्येंच्याफुडं आपण काय?" तू म्हणालास, "कोल्हापूर मोठं हाय, कोण न्हाई म्हणतंय? पर तितं आपल्या पोराला मैदानाबाहिर बॉल आणायला सुदिक उभं करणार न्हाईत. आपलं आपुण करू." आणि केलंस. साताऱ्याकडची गावं, सांगलीकडची गावं, एका माळेत ओवलीस. वरला गट, खालचा गट. वरल्या गटात शेवटी येईल त्यानं खालच्या गटात पहिला येईल त्याच्याशी एक मॅच खेळायची, वरल्याच्या मैदानावर. जिंकेल तो आत, हरेल तो बाहेर. तिला तू उंबऱ्याची मॅच नाव दिलंस. वर्षभर कोण पहिला आला ते लोक विसरायचे, पण उंबऱ्याची मॅच बघायला म्हाताऱ्या बाया डोक्यावर पदर घेऊन बांधावर येऊन बसायच्या. घरातनं कोण बाहेर जातंय हे बघायला आपल्याकडं गर्दी होतेच.

आणि फौजी. बाहेरच्या माणसाला आपल्या लीगची ही गाठ कळत नाही. आपल्याकडं दोन घरं सोडून तिसऱ्या घरातला पोरगा पलटणीत. चांगला खेळणारा तर हमखास. त्यानं फुटबॉल शिकायचा रेजिमेंटमध्ये आणि खेळायचा सुट्टीवर आल्यावर. म्हणून तू नियम केलास, प्रत्येक टीमला दोन सुट्टीवाले घेता येतील, नाव नोंदलेलं नसलं तरी. तिथनं खरी मजा सुरू झाली. सगळी गावं मॅचच्या तारखेसाठी तुझ्या दारात. आमच्या सेंटर हाफची सुट्टी मंजूर झाली न्हाई, मॅच पुढं ढकला. तू म्हणायचास, "मी काय करनल हाय का त्येचा?" गावची जत्रा असेल तर ढकलायचास. कारखान्याची ऊसतोड टोळी फडात उतरली असेल तर ढकलायचास, कारण तेव्हा ट्रॅक्टरवर निम्मी टीम असायची. आणि मयत झाली असेल तर ढकलायचास. भावकीत सुतक असताना बॉल कसा मारायचा?

झालं! गावोगाव माणसं मरायला लागली. ज्याचा फौजी स्टेशनवर उतरला नाही त्याच्या भावकीत मयत. चुलत चुलता, आत्याची सासू, वरल्या आळीची म्हातारी. तू फोन घेऊन हळहळायचास, "अरेरे, कशानं गेली?" आणि तारीख पुढं द्यायचास. मग तो येरळा नदीकाठच्या गावचा म्हातारा आला. त्या गावानं सांगितलं होतं, आमचा गणपा म्हातारा वारला. तू मॅच पुढं ढकललीस. नव्या तारखेला त्यांचे दोन्ही फौजी बूट घालून हजर. आणि रेघेजवळ एक म्हातारा काठी टेकून बसलेला. तू माणुसकीनं त्याला चहा दिलास आणि विचारलंस, "आजोबा, तुमच्या गावात गणपा म्हातारा म्हणून कोण वारला? चांगला हुता का?" म्हातारा म्हणाला, "चांगला म्हंजे काय, मीच की त्यो!" मी हसून हसून जमिनीवर पडलो. तू नाही हसलास. तू चहाचा कप त्याच्या हातातनं परत घेतलास.

त्याच संध्याकाळी तू नियम मांडलास. मयत मान्य नाही. कुणाचीही. जो येणार नाही त्याला वॉकओव्हर, म्हणजे समोरचा न खेळता जिंकला. सगळ्यांनी हसत हसत मान्य केला, मीसुद्धा. लोक म्हणायला लागले, नानानं गावाचं आयुष्य वाढवलं. त्या वर्षी खरंच कुणाची आत्याची सासू मेली नाही.

इथपर्यंतचं चांगलं. आता पुढचं.

आमचा संपत. तुला त्याची सगळी माहिती होती. माझा धाकटा भाऊ, पलटणीत हवालदार, आमचा सुट्टीवाला. त्या वर्षी आम्ही वरल्या गटात शेवटी आलो होतो. उंबऱ्याची मॅच, आमच्याच रहिमतपूरच्या मैदानावर. संपत खास त्यासाठी सुट्टी घेऊन आला होता. मॅचच्या आदल्या दिवशी मोटारसायकलवरनं बाजाराला गेला आणि उसाच्या ट्रॉलीखाली आला. हे एवढंच लिहितो, ह्याच्यापुढं मला लिहवत नाही. रात्री त्याला अग्नी दिला आणि सकाळी तुला मी फोन केला. स्वतः केला, दुसऱ्या कुणाला करायला लावला नाही, कारण मला वाटलं तू माझा मित्र आहेस. मी म्हणालो, "नाना, संपत गेला रं." तू म्हणालास, "आबा, नियम हाय गड्या."

आणि तू आलास! तुला कुणाला तरी पाठवता आलं असतं. नाही, स्वतः आलास, गळ्यात शिट्टी अडकवून. तुझी गाडी आमच्या दारावरनं गेली. अंगणात माणसं बसलेली, आई भिंतीला टेकून. गाडी थांबली नाही. मैदान आमच्या घराच्या मागच्या अंगाला. समोरच्या टीमची पोरं मान खाली घालून उभी होती, त्यांचा मॅनेजर तुला म्हणाला, "नाना, आमालाच कसंतरी वाटतंय, पुढं ढकला." तू घड्याळ बघत उभा राहिलास. वेळ झाली तशी शिट्टी वाजवलीस. ती शिट्टी आमच्या अंगणात ऐकू आली, नाना. आईनं विचारलं, "मॅच सुरू झाली का रं? संपत गेला का मैदानावर?" तिला तेव्हा काही समजत नव्हतं. ती शिट्टी मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू मेलास तरी विसरलो नाही, तर आता काय विसरणार.

वॉकओव्हर. आम्ही खाली. आणि तू माझ्या दारात आला नाहीस. तेव्हाही नाही, तेराव्यालाही नाही, वर्षश्राद्धालाही नाही. आला असतास तर मी तुला हाकलून दिलं असतं हे खरं. पण हाकलायची संधी तरी माणसानं माणसाला द्यावी की नाही?

पुढं कधीतरी सांगली स्टँडबाहेरच्या चहाच्या गाड्यावर गाठ पडली. मोहनराव मधे होता, त्यानंच आपल्याला समोरासमोर आणलं, कमिटीतला भला माणूस. त्याला वाटलं चहावर मिटेल. मी म्हणालो, "एकदा नुस्तं म्हण, चुकलं." तू बशीत चहा ओतलास, फुंकर मारलीस आणि म्हणालास, "तुझ्यासाठी सोडलं असतं तर उद्या लोक म्हणाले असते, संपतची मयत बी सुट्टीसाठीच हुती. चार गावांत चेष्टा झाली असती. मी त्येची मयत खरी ठिवली, आबा." शहाणपणाची गोष्ट चुकीच्या माणसानं चुकीच्या दिवशी सांगितली की ती शिवी होते. मी हातातला ग्लास रस्त्यावर फेकला आणि गाड्यावरच्या सगळ्यांसमोर ओरडलो, "तुझ्या मिलच्या टीमला खालच्या गटात घालीन! तुझ्या डोळ्यांदेखत घालीन! न्हाई घातली तर नावाचा आबा न्हाई!" तू शांतपणे म्हणालास, "घाल की. नियमात बसत असंल तर घाल." आणि राहिलेला चहा प्यायलास.

तेव्हापासून मी जगलो तो त्याच्यावर. लोकांना वाटलं मास्तर खेळाच्या वेडानं पोरं घडवतोय. कसलं वेड? सूड होता तो. खालच्या गटातली मैदानं तुला ठाऊक आहेत. कुठं खडक, कुठं मैदानातनं पायवाट, मॅच थांबवून शेळ्या जाऊ द्यायच्या. टीम फुटायला आली होती. जुने खेळाडू म्हणाले, संपतशिवाय काय खेळायचं. मी दारोदार हिंडून नवी पोरं आणली. औंधच्या यात्रेत कुस्ती बघायला आलेले फौजी गाठले, पाया पडलो, म्हणालो सुट्टी आमच्या मॅचला घ्या. सागर कांबळे नावाचं पोरगं मला माळावर चपला मांडून गोल करताना सापडलं, त्याला कप्तान केला. उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलो, एकदा नाही, कित्येकदा. आणि दर मीटिंगला तू समोर. आपण एकमेकांशी फक्त नियमातलं बोलायचो. "रहिमतपूर, तुमचा अर्ज उशिरा आलाय." "सेक्रेटरीसायब, पोस्टाला विचारा." तू मला आबा म्हणणं सोडलंस, मी तुला नाना म्हणणं सोडलं. एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यातनं सुटली नाही. रहिमतपूरनंतर तू परत कधी शिट्टी हातात घेतली नाहीस. गुडघा दुखतो म्हणून सांगितलंस. मी तुझा गुडघा बघत होतो, तो चांगला चालत होता.

आणि मग यंदा देव जागा झाला. वरल्या गटात शेवटी कोण? मिल! खालच्या गटात पहिले कोण? आम्ही! उंबऱ्याची मॅच, माधवनगरच्या मैदानावर, तुझ्या घराच्या मागं. मी गावात पेढे वाटले, मॅचच्या आधी. बायको म्हणाली, "जिकला न्हाईसा अजून." मी म्हणालो, "त्यो बघणार हाय, तेवढंच बास." तू कुठं बसशील, मी कुठं उभा राहीन, शेवटची शिट्टी झाल्यावर तुझ्यापर्यंत किती सावकाश चालत येईन, सगळं ठरवून ठेवलं होतं. काय बोलायचं ते पण. आणि तू मेलास. घरात, झोपेत, सुखानं. माझ्या आयुष्यातला एवढा एक दिवस तेवढा तुला सहन झाला नाही.

तुझा दहावा आणि मॅच एकाच दिवशी आली. कमिटी माझ्या घरी आली, मोहनराव पुढं. "मास्तर, मॅच म्हैनाभर पुढं घेऊ. नानाचं पोरगं क्रियेला बसलंय. तुमची नुस्ती संमती पायजे."

"नियम काय हाय?" मी विचारलं.

"आवं, नियम असू द्या की..."

"काय हाय नियम? तोंडानं सांगा."

मोहनराव खाली बघून म्हणाला, "मयत मान्य न्हाई."

"कुणी केलाय?"

आणि उत्तराची वाट न बघता मीच म्हणालो, "ज्येनं केला त्येच्या मयतीला त्यो लागू न्हाई म्हंता? त्येला अपमान वाटंल." आणि आत निघून गेलो. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सागर आला, म्हणाला, "सर, पोरांना नको वाटतंय." मी त्याला सांगितलं, नको वाटत असेल तर मीच बूट घालून उतरतो. वाचणाऱ्यांना वाईट वाटेल. वाटू दे. मला तुझ्या घराच्या मागं शिट्टी वाजायला हवी होती. तुझ्या अंगणात ती ऐकू यायला हवी होती. मग बघू, नियम कसा लागतो ते.

सकाळी नदीवर तुझा दहावा झाला. मी नव्हतो, मोहनरावानं सांगितलं. पिंडाला कावळा शिवेना. लोकांनी सगळं बोलून बघितलं, पोरीचं लग्न करू, घर सांभाळू, लीग चालवू. कावळा झाडावरनं हलायला तयार नाही. मग तुझा पोरगा प्रशांत पुढं झाला आणि म्हणाला, "नाना, मॅच येळंवर सुरू हुईल." आणि कावळा आला. मोहनराव हे सांगताना परत रडला. माझा कावळ्यावर भरवसा नाही, त्याला भूक लागली की तो येतो. पण हे ऐकल्यावर मी थोडा वेळ गाडीतनं उतरलो नाही.

तुझी टीम वेळेवर मैदानात होती. प्रशांत गोलमध्ये उभा होता, मुंडण केलेलं, डोक्यावर नदीचं पाणी वाळून पांढरं झालेलं. वहिनी मागच्या दारात उंबऱ्याशी बसल्या होत्या, मला दिसत होत्या. शिट्टी झाली. वहिनींनी मान वर करून मैदानाकडं बघितलं आणि परत खाली घातली. एवढंच. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते एवढंच होतं.

आणि आमची पोरं खेळेनात! त्या भादरलेल्या डोक्याकडं बघून कुणाचा पाय चालेना. सागर एकटा गोलपुढं पोचला आणि बॉल अलगद प्रशांतच्या हातात दिला, नैवेद्य द्यावा तसा. मी रेघेवरनं ओरडून घसा फोडून घेतला. अर्ध्या वेळेला प्रशांत मैदान ओलांडून सरळ माझ्याकडं आला. मला वाटलं, आता हा पाया पडणार किंवा थोबाडीत देणार.

"काका, तुमची पोरं माझी कीव करायलीत," तो म्हणाला. "तुमी नियम लावला, बरं केलं. आता मॅच बी लावा. नुसतं उभं राहून हराय मी नदीवरनं पळत आलेलो न्हाई."

अगदी तुझा आवाज, नाना. तोच कोरडेपणा, तीच आठी. मी पोरांकडं वळलो आणि सांगितलं, त्यो म्हणतोय ते ऐका. मग मॅच झाली. खरी झाली. प्रशांतनं काय काय अडवलं ते तू बघायला हवं होतंस. मिलच्या पोरांनी आमचा जीव काढला. शेवटी शेवटी सागरचा बॉल खांबाला लागून आत गेला आणि आम्ही एका गोलनं जिंकलो. मिलची टीम खाली गेली. खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटलं. पोटातनं बरं वाटलं. संपत, आई, सगळे आठवले. मी हात वर करून ओरडलो आणि तुझी खुर्ची असते त्या बाजूला बघितलं. तिथं सायकली लावल्या होत्या. मग मला तुझा इतका राग आला की मी मटकन खाली बसलो आणि रडलो. लोकांना वाटलं आनंदानं.

पण माझं सांगायचं अजून राहिलंय. उंबऱ्याची मॅच संपली की कमिटी तिथंच मैदानावर बसते. ही पण तुझीच पद्धत. जो खाली गेला त्याला नियमात एक बदल सुचवायचा हक्क. तू म्हणायचास, हरलेल्याला नियमातली खोट सगळ्यात आदी दिसती. मग सगळ्या टीमचे मॅनेजर हात वर करून मत देतात. आम्ही खाली गेलो तेव्हा मैदानावरच नव्हतो, म्हणून आमचा ठराव राहिला तो राहिलाच.

प्रशांत घामानं निथळत उभा राहिला. "ठराव असा हाय," म्हणाला, "मयत खरी असली तर मॅच पुढं घ्यायची. खरी का खोटी ते समोरच्या टीमनं गावात जाऊन, दारात बसून बघायचं." मग थांबला आणि माझ्याकडं बघून बोलला, "आन् ह्यो ठराव मिलचा न्हाई. रहिमतपूरकरांचा हाय. संपतकाकांच्या वक्ताला मांडायचा राहिला हुता. आमी आज त्येंच्या वतीनं मांडतोय."

सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं. मोहनराव उपरण्यानं डोळे पुसत होता. नाना, ठराव बरोबर होता. शब्द न् शब्द बरोबर होता. दारात बसून बघायचं, हेच तर मला तुझ्याकडनं पाहिजे होतं. तुझ्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो आणि ते आलं तुझ्या पोराच्या तोंडून, तू नसताना. तू असतास तर ताडकन उठला असतास. म्हणाला असतास, आज खरी मयत, उद्या गणपा म्हातारा. मी तुझ्या अंगावर धावून आलो असतो. आपण संध्याकाळपर्यंत भांडलो असतो, आणि मी तुझ्या तोंडावर तो नियम पाडला असता. आता तुझ्या बाजूनं बोलायला मैदानात कुणी नाही. असा बिनविरोध, रडत रडत, तुझ्या पाठीमागं तुझा नियम मारायचा? माझ्या भावाच्या वेळी जो नियम दगडासारखा उभा राहिला, तो आज लोण्यासारखा विरघळणार? माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. सूड मला तुझ्यावर घ्यायचा होता. तू नसताना तो घ्यायला हे कोण?

मोहनराव म्हणाला, "ठरावाच्या बाजूनं कोण कोण?" चारी बाजूंनी हात वर गेले. मिलचा, येरळाकाठचा, बाकीच्या गावांचे.

"विरोधात?" त्यानं नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

मी हात वर केला. सागरनं माझी बाही ओढली, "सर, चुकून झालं का?" मी म्हणालो, "न्हाई." प्रशांत माझ्याकडं बघतच राहिला. मी त्याची नजर टाळली नाही आणि हात खाली पण घेतला नाही, मोजून होईपर्यंत.

ठराव मंजूर झाला, नाना. तुझा नियम गेला. तुझ्या बाजूनं आख्ख्या मिलच्या मैदानावर एकच हात होता, आणि तो माझा होता.